मुदर्रिस ते छात्राध्यापक : औरंगाबादेतील अध्यापनपद्धतीची वाटचाल

प्रवरा जेथे गोदावरीस मिळते, त्या परिसरात दक्षिण तीरावर टोके आणि उत्तर तीरावर कायगाव अशी दोन गावे समोरासमोर वसलेली आहेत. नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादेकडे, निघालेला प्रवासी आज येथील पूल दोन-चार मिनिटांत ओलांडतो. परंतु १९४८ पर्यंत हे नदीपात्र मुंबई इलाखा आणि निजामाचे हैदराबाद संस्थान यांच्यामधील सरहद्द होते. दोन्ही तीरांवरच्या रयतेची बोली एक, पंढरीची वारी एक आणि पेरणीची नक्षत्रेही एकच. मात्र दोन्हीकडच्या पोरांच्या वाट्याला येणारा शिक्षक एक नव्हता. दक्षिणेकडे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा देऊन, जमल्यास ट्रेनिंग कॉलेजात वर्ष-दोन वर्षे काढून आलेला मास्तर असे. उत्तरेकडे तालीमात, म्हणजे शिक्षण, खात्याचा मुदर्रिस असे. एकच मातृभाषा असलेल्या मुलांचे हे दोन शिक्षक कसे घडले, आणि पुढे हे दोन प्रवाह एकत्र आले तेव्हा निरनिराळ्या शालेय विषयांच्या अध्यापनपद्धतींचा प्रश्न औरंगाबादेत कोणत्या स्वरूपात उभा राहिला, याचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

गोदावरीच्या दक्षिणेस शिक्षक घडविण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सुरू झाला होता. त्यापूर्वीच्या गावठी शाळेतला पंतोजी धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेई, मोडीचे वळण घटवी आणि संध्याकाळी सगळ्या पोरांना ओळीने उभे करून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांची उजळणी म्हणवून घेई. त्याच्यापाशी पद्धती नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या मुलाने लहान मुलास शिकवावे ही आपल्याकडील शाळांतील रीत मद्रासेस पाहूनच अँड्र्यू बेल याने ती विलायतेस नेली, आणि तेथून ती नवे नाव धारण करून परत आली. परंतु पंतोजीची पद्धती एकच होती व ती सर्व विषयांना सारखीच लागू होती, कारण त्याच्या लेखी विषयही लेखन, वाचन आणि हिशेब यांपलीकडे फारसे नव्हते. इतिहास, भूगोल, भूमिती, व्याकरण, सृष्टिज्ञान असे विषय अभ्यासक्रमात दाखल झाल्यावरच, एका विषयास जी रीत मानवते ती दुसऱ्यास मानवतेच असे नाही, हा विचार उद्भवला आणि शिक्षकालाच प्रथम शिकविण्याची गरज भासू लागली.

१८२० नंतरच्या दशकात जॉर्ज जार्व्हिस यांच्या देखरेखीखाली तयार झालेले शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविण्यात आले. १८४५ मध्ये मुंबईस नॉर्मल क्लास निघाला आणि त्याचे संचालकत्व बाळशास्त्री जांभेकरांकडे आले. पुढच्याच वर्षी ते निवर्तले आणि मराठीचे व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग त्यांच्या जागी आले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने अध्यापकांच्या प्रशिक्षणास सरकारी धोरणाचा दर्जा दिला. त्यानंतर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचा जम बसला आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारखा व्युत्पन्न पुरुष त्याच्या प्रमुखपदी आला. १८६१ मध्ये शिक्षकांसाठी शिक्षणखात्याचे 'शाळापत्रक' निघू लागले. औरंगाबादेस जवळचे नगर शहर तर या बाबतीत अग्रेसरच होते, कारण अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार बाईंनी मुलींच्या शिक्षणाचे काम तेथे चालविले होते आणि सावित्रीबाई फुले यांच्या अध्यापनशिक्षणाशी त्यांचे नाव निगडित आहे. औरंगाबादपासून सव्वाशे किलोमीटरांच्या आत, नगरला, हे घडत होते. तरीही मधल्या सरहद्दीमुळे त्याचा संसर्गही निजामाच्या मुलखाला फारसा पोहोचला नाही.

उत्तर तीरावरची कथा निराळी आहे, आणि ती केवळ उपेक्षेची कथा आहे असे समजणे चुकीचे होईल. हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा १८८४ च्या सुमारापर्यंत फार्सी होती. संस्थानचे दिवाण पहिले सालारजंग यांच्या निधनानंतर तिची जागा उर्दूने घेतली. शाळांची रचना तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया, म्हणजे प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च, अशा तीन पायऱ्यांची होती. खात्याचा प्रमुख नाझिम-ए-तालीमात आणि शाळा तपासणारा अंमलदार मोहतमीम. १९१६ ते १९२८ या काळात नाझिमपदी असलेले सर रॉस मसूद यांनी जपानची शिक्षणव्यवस्था प्रत्यक्ष पाहून तिच्यावर ग्रंथ लिहिला, आणि पाश्चात्त्य ज्ञान स्वभाषेतून देऊनही राष्ट्र आधुनिक होऊ शकते, हा तेथील धडा त्यांना विशेष मोलाचा वाटला. १९१७ च्या फर्मानाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने हाच विचार उच्चशिक्षणात उतरविला. देशातील इतर बहुतेक विद्यापीठे इंग्रजीला चिकटून असताना येथे गणित, वैद्यक आणि कायदा हे विषय उर्दूतून शिकविले जाऊ लागले आणि त्यासाठी दारुल तर्जुमा म्हणून स्वतंत्र भाषांतरखाते काढून शास्त्रीय परिभाषा घडविण्यात आली. भारतीय भाषांच्या इतिहासात हा प्रयोग लहान नव्हता.

या प्रयोगात औरंगाबादचे स्थान मोठे होते. मौलवी अब्दुल हक येथे शिक्षणखात्याचे अंमलदार होते. १९१२ च्या सुमारास अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेची सूत्रे त्यांच्या हाती आली आणि पुढची दोन तपे या संस्थेचे बिऱ्हाड औरंगाबादेतच राहिले. १९२३ मध्ये शहरात उस्मानियाचे इंटरमीजिएट कॉलेज निघाले. त्याचे प्रमुखपदही त्यांनी सांभाळले. मराठीवरील फार्सीच्या प्रभावाविषयी त्यांनी उर्दूत पुस्तक लिहिले, ते येथील वास्तव्याचेच फळ होय. बीबी का मकबऱ्याच्या बागेतील नामदेव नावाच्या माळ्याचे त्यांनी रेखाटलेले शब्दचित्र उर्दू वाचकांना सुपरिचित आहे. रोपांना पोटच्या लेकरांसारखे जपणारा आणि आपल्या कामात देहभान विसरणारा तो अस्पृश्य माळी या मौलवींना थोर वाटला, याचे कारण त्यांच्यातला शिक्षक जागा होता. निगा राखणे म्हणजे काय हे त्यांना कळत होते. मात्र ते ज्या व्यवस्थेचे अंमलदार होते, त्या व्यवस्थेला नामदेवाच्या घरची भाषा शाळेत वरच्या पायरीपर्यंत न्यावी असे वाटले नाही.

रॉस मसूदांनी जपानकडून घेतलेल्या धड्याचा उत्तरार्ध येथे अपुरा राहिला. जपानात स्वभाषा ही लोकांची भाषा होती. हैदराबादेत ती दरबाराची व शहरी वर्गाची भाषा होती आणि बहुसंख्य रयत तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. प्राथमिक वर्गात मराठीला जागा असे, परंतु पायरी चढावी तशी ती मागे पडे आणि मराठी मुलाला भूमिती, भूगोल, इतिहास हे सर्व उर्दूतून आत्मसात करावे लागे. जाविया, मुसल्लस, दायरा (कोन, त्रिकोण, वर्तुळ) या संज्ञा पाठ करणारा मुलगा घरी जाऊन शेताच्या बांधाचा कोन वडिलांना दाखवू शकत नसे, कारण शाळेतली भूमिती आणि बांधावरची भूमिती यांच्यात ओळखच झालेली नसे. अध्यापनशास्त्रात 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र पहिल्याच आठवड्यात शिकवितात; येथे ज्ञात काय हेच निश्चित नव्हते. शिवाय वरच्या वर्गांच्या शिक्षकाला प्रशिक्षण हवे असेल तर वाट हैदराबाद शहराकडे जाई, आणि ते प्रशिक्षणही त्याच भाषेत व त्याच चौकटीत मिळे.

या व्यवस्थेला उत्तर मिळाले ते खाजगी राष्ट्रीय शाळांतून. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, औरंगाबादची सरस्वती भुवन आणि शारदा मंदिर या संस्थांनी मराठी मुलाला त्याच्या भाषेत शिकविण्याचा आग्रह धरला. कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलेले व्यंकटेश खेडगीकर हिप्परग्याला शिक्षक म्हणून आले आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु त्यांच्या नेतृत्वाचा उगम वर्गाध्यापनात आहे, याकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच जाते. अशा शाळांतील शिक्षकांचे भांडवल ध्येयनिष्ठेचे होते, पद्धतीशास्त्राचे नव्हते. ध्येयनिष्ठेने इतिहासाचा तास भारून टाकता येतो. अपूर्णांकांचा भागाकार तिने सुटत नाही. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' गाण्यावरून औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात ठिणगी पडली आणि विद्यार्थ्यांना संस्थानाबाहेर, नागपूर विद्यापीठापर्यंत, आसरा शोधावा लागला, तेव्हा शिक्षणाचा प्रश्न राजकारणाशी एकजीव होऊन गेला आणि पद्धतींचा विचार स्वाभाविकपणेच लांबणीवर पडला.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतरची दहा-बारा वर्षे मराठवाड्यातील शिक्षकाने जे पाहिले ते महाराष्ट्राच्या अन्य भागांतील शिक्षकाला क्वचितच पाहावे लागले असेल. सरकारी दफ्तरातली तारीख फसली सनाची असे आणि वर्ष आजूर महिन्यापासून सुरू होई. ते गेले आणि जानेवारी आला. बाजारात संस्थानचा हाली सिक्का चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार (ब्रिटिश) रुपये असा ढोबळ हिशेब त्रैराशिकाच्या उदाहरणांत शिकवावा लागे. तो सिक्का गेला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, १९५८ पासून मेट्रिक वजने-मापे येऊ लागली, आणि आणे-पै, शेर-मण, पावकी-निमकी यांवर उभी असलेली अंकगणिताची सारी इमारत एका शिक्षकाच्या सेवाकाळातच मोडकळीस आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. म्हणजे बारा वर्षांत तीन राज्यांचे शिक्षणखाते, तीन राज्यांचे नियम आणि त्यांच्या मागोमाग येणारी क्रमिक पुस्तके.

या सर्वांहून बिकट बाब माध्यमाची होती. जो शिक्षक स्वतः मॅट्रिकपर्यंत गणित आणि भूगोल उर्दूतून शिकला, त्याला आता तेच मराठीतून शिकवायचे होते. विषय त्याला येत होता आणि मराठी तर त्याची मायबोलीच होती. परंतु मराठीत तो विषय त्याने कधी ऐकला नव्हता. 'जुगराफिया'च्या, म्हणजे भूगोलाच्या, पुस्तकातील वाऱ्यांची आणि पर्जन्याची कारणमीमांसा मराठीत मांडताना त्याला प्रथम स्वतःशीच ती नव्याने मांडावी लागे. अध्यापनपद्धतीची गरज मराठवाड्यात अशी उभी राहिली: पुण्यामुंबईस ती विद्यार्थ्याच्या आकलनासाठी होती, येथे ती आधी शिक्षकाच्या स्वतःच्या फेरआकलनासाठी होती. माझ्या मते या भागातील अध्यापकशिक्षणाच्या इतिहासाचे मर्म येथे आहे. पद्धती म्हणजे तयार ज्ञान मुलांपुढे ठेवण्याची हातोटी, असा जो समज नंतर रूढ झाला, तो या पिढीच्या अनुभवाशी जुळत नाही. ज्ञान पुन्हा एकदा, दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या उदाहरणांनी उभे करणे म्हणजे पद्धती, हे त्यांनी कोणत्याही ग्रंथाच्या आधाराशिवाय जगून पाहिले.

संस्थात्मक आधारही याच काळात आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले, १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली आणि ज्यांच्या घराण्यात अक्षरओळख नव्हती अशा खेड्यापाड्यांतील तरुणांची पहिली पिढी त्याच्या नागसेनवन या परिसरातून पदवी घेऊन बाहेर पडली. तिच्यातील अनेकजण शिक्षक झाले. पन्नासच्या दशकातच शासकीय अध्यापक महाविद्यालय आले, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठाची स्थापना होऊन एस. आर. डोंगरकेरी त्याचे पहिले कुलगुरू झाले, तेव्हा तोवर उस्मानियाकडे पाहणाऱ्या या भागातील उच्चशिक्षणाला आपले घर मिळाले. शिक्षक होण्यासाठी आता हैदराबादची वाट धरावी लागत नव्हती.

अध्यापक महाविद्यालयात दाखल होणाऱ्या छात्राध्यापकाला दोन 'पद्धती' निवडाव्या लागत: कोणाची मराठी-इतिहास, कोणाची गणित-विज्ञान, कोणाची इंग्रजी-भूगोल. 'तुमची मेथड कोणती?' हा शिक्षकाच्या जातकुळीचा प्रश्न तेव्हापासून स्टाफरूममध्ये रुळला. प्रत्येक विषयाचे आपापले वाद होते. संस्कृतात पाठांतरावर उभी असलेली पाठशाळा पद्धती आणि व्याकरणनियम व भाषांतर यांच्या पायरीपायरीने नेणारी भांडारकर पद्धती यांचा सामना होता. इंग्रजीत भाषांतराच्या जुन्या सवयीविरुद्ध प्रत्यक्ष पद्धती उभी होती, आणि पुढे रचनांचा क्रम लावून शिकविण्याचा पंथ आला. गणितात उदाहरणांवरून नियमाकडे जाणारी उद्गामी रीत आणि नियमावरून उदाहरणाकडे येणारी अवगामी रीत यांचे गुणदोष लिहून काढल्यावाचून कोणाची सुटका नसे. विज्ञानात प्रयोग-दिग्दर्शन, इतिहासात कथाकथन, नाट्यीकरण आणि मूळ साधनांवरून शिकविण्याची आधार पद्धती, अशी ही मांदियाळी होती.

आधार पद्धतीला औरंगाबादेइतके अनुकूल शहर महाराष्ट्रात दुसरे दाखविणे कठीण आहे. सातवाहनांचे पैठण, वेरूळची लेणी, यादवांचा देवगिरी म्हणजेच दौलताबादचा किल्ला, मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेली खडकी आणि तिला पाणी देणारी नहर, खुलताबादेतील औरंगजेबाची साधी कबर. एका जिल्ह्यात दोन सहस्रकांची साधने उभी आहेत. त्यातही पाणचक्की हा तर इतिहास, भूगोल आणि विज्ञान या तिन्ही पद्धतींचा एकत्रित पाठ आहे: डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेले पाणी वक्रनळीच्या तत्त्वाने भिंतीवर कसे चढते, हे फळ्यावरच्या आकृतीपेक्षा तेथे उभे राहिलेल्या सातवीच्या मुलाला अधिक लवकर कळते. परंतु याच विपुलतेत एक कसोटीही होती. ज्या शिक्षकाने आसफजाही, म्हणजे निजामाची, राजवट आपल्या लहानपणी स्तुतीने भरलेल्या पुस्तकांतून अभ्यासली आणि मोठेपणी तिच्याविरुद्धचा संग्राम पाहिला, त्याला एकाच वास्तूपुढे उभे राहून ममत्व आणि मत्सर दोन्ही बाजूला ठेवून पुरावा वाचायला मुलांना शिकवायचे होते. आधार पद्धतीचे खरे प्रयोजन हेच आहे, आणि ते आजही संपलेले नाही.

दुर्दैवाने पद्धतीचे शास्त्र जसजसे स्थिर झाले तसतसा त्याचा विधी होत गेला. जर्मन तत्त्वज्ञ हर्बार्ट (१७७६-१८४१) यांच्या विचारांवरून त्यांच्या अनुयायांनी सिद्ध केलेली पंचपदी, म्हणजे पूर्वतयारी, विषयनिवेदन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन, ही विलायतेतील ट्रेनिंग कॉलेजांमार्गे आपल्याकडे आली आणि विषय कोणताही असो, प्रत्येक पाठटाचण तिच्या साच्यात बसू लागले. कवितेच्या तासालाही सामान्यीकरण आणि उपयोजन शोधण्याची पाळी आली. टाचणवहीतील रकाने सुवाच्य, हेतुकथन बिनचूक, फलकलेखन सरळ रेषेत आणि मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसलेले प्राध्यापक संतुष्ट. मुलांना मात्र पूर्वज्ञान तपासणाऱ्या प्रश्नांची उत्तरे आदल्या दिवशीच्या दुसऱ्या छात्राध्यापकाकडून आधीच ठाऊक झालेली, असे सरावपाठांचे चित्र कोणत्याही अध्यापक महाविद्यालयात शिकलेल्या माणसाला ओळखीचे वाटेल. साठोत्तरी काळात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून सूक्ष्म अध्यापन आले. पाच-सहा मिनिटांत, मोजक्या विद्यार्थ्यांपुढे, प्रश्न विचारणे, स्पष्टीकरण देणे, चेतक बदलणे अशी एकेक कौशल्ये घोटून घ्यावयाची आणि मग सेतुपाठातून पूर्ण तासाकडे जावयाचे. योजना विचारपूर्वक केलेली होती. पण बहुतेक ठिकाणी विद्यार्थ्यांच्या जागी सहाध्यायीच बसू लागले आणि न समजल्याचा अभिनय करू लागले.

पुढील इतिहास सर्वांच्या डोळ्यांदेखत घडलेला आहे. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडील जे. पी. नाईक होते, प्रशिक्षण संस्थांच्या एकाकीपणावर बोट ठेवले. १९९५ मध्ये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. २००० नंतर डी.एड. आणि बी.एड. महाविद्यालयांचे पेव मराठवाड्यातही फुटले आणि नोकऱ्या आटताच तितक्याच वेगाने जागा रिकाम्या पडू लागल्या. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे होऊन आंतरवासितेचा काळ वाढला, ही सुधारणा योग्यच होती. कारण शाळेत दीर्घकाळ राहिल्याखेरीज मूल कोठे अडते हे कळत नाही.

मूल आजही मुख्यतः भाषेपाशीच अडते. कन्नड व सोयगाव तालुक्यांच्या डोंगरकडेला बंजारा तांड्यांतील आणि भिल्ल वस्त्यांतील मुले घरी जी बोली बोलतात ती पाठ्यपुस्तकात नाही. शहरातील जुन्या मोहल्ल्यांत दखनी बोलणाऱ्या मुलांसाठी उर्दू शाळा आहेत, आणि तेथील पुस्तकी उर्दू दखनीपासून बरीच दूर आहे. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी व दखनी दोघांनाही परक्या भाषेतून भूमिती शिकावी लागते. म्हणजे १९४८ पूर्वी एका प्रजेवर आलेला प्रसंग आता निरनिराळ्या घरांतील मुलांवर, पालकांच्या राजीखुशीने, येत आहे. गंमत अशी की याच शहरात मराठी माध्यमाची अध्यापक महाविद्यालये आहेत आणि मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठाचे अध्यापक शिक्षण महाविद्यालयही आहे; त्रिकोणाच्या कोनांची बेरीज दोन्हीकडे शिकविली जाते, पण एकमेकांचा तास पाहण्याची प्रथा नाही. अशा दोन संस्थांतील छात्राध्यापकांनी एकच घटक आपापल्या भाषेत शिकवावा, दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसावे आणि मुले कोठे थबकली एवढेच टिपून घ्यावे, असा साधा नियम सरावपाठांत घालण्यास फारसा खर्च येणार नाही. पन्नासच्या दशकातील शिक्षकांनी नाइलाजाने जे केले ते आजच्या छात्राध्यापकाने समजून-उमजून करावे, एवढाच त्याचा अर्थ. आणि पंचपदीचा रकाना रिकामा राहिला तरी चालेल, पण हे टिपण झाल्यावाचून कोणालाही अध्यापनाची पदवी देऊ नये.